लच्छू भुमकानं पटवाऱ्याची शीव बांधली

लच्छू उसेंडीचा डावा कान अस्वलानं नेला. म्हणजे कान जागेवर हाये, दिसायलेही ठीकठाक हाये, पण आतलं सामान गेलं. सव्वीस वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. मोहाखाली ओणवा होऊन फुलं वेचत होता, अस्वल डाव्या अंगानं आलं आणि एक चापट देऊन गेलं. अस्वलाले ते दुसरं अस्वलच वाटलं असल, असं सोमारीचं म्हणणं. सोमारी त्याची बायको. लच्छूची उघडी पाठ ज्यानं पाह्यली, तो या बाबतीत अस्वलाले दोष देणार नाई.

आता लच्छू साठीच्या पुढं हाये. बहिऱ्या कानाचं त्याले काईच दुःख नाई, उलट एवढा कामाचा अवयव त्याच्या अंगावर दुसरा नाई. पोरगा विनोद माजरीले कोळशाचा ट्रक चालवते. त्याचा फोन आला आणि 'बाबा, दारू कमी करा' सुरू झालं, की लच्छू फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर नेते आणि 'हो, हो' म्हणत बिडी पेटवते. ग्रामसभेत तो अशा हिशेबानं बसते की सरपंच डाव्या हाताले पडला पायजे.

तो आमच्या टोल्याचा भुमक हाये. भुमक म्हणजे गावाची शीव बांधणारा माणूस. धानोऱ्यापासून आत, डांबरी सडक थकून बसते तिथून पुढं आमचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती. चारी बाजूनं जंगल. पेरणीच्या आधी एक दिवस लच्छू तांदूळ, अंडी आणि एक कोंबडी घेऊन गावाच्या शिवेवरून चालते. वाघ, रोगराई, भांडण, सगळ्याले सांगते की इथून आत यायचं नाई. त्या दिवशी गावातला माणूस बाहेर जात नाई आणि बाहेरचा आत येत नाई. दुसऱ्या दिवशी लच्छू शीव मोकळी करते आणि मंग आपापले धंदे सुरू. पण गोल पुरा झाला तरी शीव तो पुरी बंद करत नाई. मावळतीकडं चार हातांचं दार सोडते. आत जे वाईट असल त्याले निघायले वाट पायजे. त्याच्या बापानं सोडलं, आजानं सोडलं. हे दार ध्यानात ठेवा. पुढं त्याच दारानं तारवाल्या मुबीनचा अर्धा दिवस खाल्ला.

आता पटवारी. पटवारी लच्छूचा कुत्रा. रंग मातीचा, एक कान उभा, एक पडलेला, शेपटीले वळण. जागेवर कधीच सापडत नाई, म्हणून हे नाव. कोणी दारात येऊन विचारायचं, पटवारी हाये का, आणि सोमारी आतून सांगायची, सकाळपासून नाई. गावात याच्यावर चार वर्षं लोक हसले. तरी हसू शिळं झालं नाई, कारण पटवारीही सुधारला नाई.

एक काम मात्र तो चोख करायचा. लच्छू जंगलात गेला की पटवारी त्याच्या डाव्या हाताले चालायचा. मोहाखाली बसला की डाव्या हाताले बसायचा. त्या बाजूनं काई हललं की गुरगुरायचा. शिकवलं कोणी नाई. लच्छू म्हणते, माझा कान अस्वलानं नेला अन् देवानं कुत्र्याच्या रूपानं वापस देल्ला, फक्त देवानं त्याले केस अन् पिसवा ज्यादा लावल्या.

भानगड चितळांची होती. लच्छूच्या घराभोवतीच्या बाडीमागं शंभर-दीडशे पावलांवर सुका नाला, नाल्यापलीकडं लच्छूचं मोहाचं झाड, आणि झाडापासून पुढं राखीव जंगल. नाल्यावर चितळ यायचे आणि पटवाऱ्याच्या अंगात यायचं. जानेवारीत त्यानं तीनदा कळप पिटाळला. तिसऱ्या वेळी एक पाडस काट्याच्या कुडात अडकून पाय मोडून मेलं.

आमच्या बीटाची जंगल खात्याची गार्ड रंजीता. वडश्याची पोरगी, मोटारसायकलवर फिरते आणि आवाज न चढवता बोलते, त्याच्यानं जास्त भीती वाटते. ती आली, लच्छूच्या उजव्या हाताले जाऊन बसली. तिले कान माहीत होता. म्हणाली, "मामा, पाडस मेलं ते मी लिहिलं. आता मोहाचा हंगाम लागेपर्यंत मुदत. त्यानंतर हा नाल्यापलीकडं मोकळा दिसला की मी गाडी बोलावीन."

गाडी म्हणजे कुत्रे नेणारी गाडी. त्या गाडीत गेलेलं कुत्रं परत आलेलं आमच्याकडं कोणी पाह्यलं नाई.

कोणी म्हणन, एवढंच हाये तर बांधून टाका ना. लच्छूच्या घरात कुत्रा बांधत नाईत. यात देवाधर्माचं काई नाई. त्याच्या बापानं एक कुत्रा खुंट्याले बांधला होता. सकाळी खुंटा होता, दोर होता, दोराले गळपट्टा होता आणि गळपट्ट्यात काईच नव्हतं. बिबट्यानं उसवल्यासारखा कुत्रा काढून नेला होता. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याले वाढून ठेवलेलं जेवण, असं बाप बोलला आणि लेकानं ते धरून ठेवलं. मोकळा ठेवला तर गाडी, बांधला तर बिबट. लच्छू आठ दिवस बिडीमागून बिडी ओढत राह्यला.

तेव्हा मुबीन आला. मुबीन धानोऱ्याचा मिस्त्री. शेताच्या कुंपणाच्या झटका मशीन लावते, बिघडल्या की दुरुस्त करते. कोण्या एका मोठ्या साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्या बंगल्यावरचं एक सामान मुबीनले मिळालं होतं. तीन वर्षं दुकानात धूळ खात पडलं होतं. कुत्र्याची तार, असं तो सांगायचा. जमिनीत चार बोटं खोल तार पुरायची, गोल, दोन्ही टोकं घरातल्या पेटीले जोडायची. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याले काडेपेटीएवढी डबी. कुत्रा तारेजवळ गेला की डबी बारीक आवाजात टिटटिट करते. तरी पुढं गेला की झटका. पंधरा दिवस शिकवलं की कुत्रा आवाजावरच माघारी फिरते. वरून काई दिसत नाई, दोर नाई, खुंटा नाई, बिबट आला तर पळायले मोकळा.

लच्छूनं सगळं उजव्या कानानं ऐकलं आणि एकच विचारलं. "बिबट्याच्या गळ्यात पट्टा कोन घालीन?"

मुबीन म्हणाला, साहेबाच्या बंगल्यावर हा प्रश्न निघाला नव्हता.

तरी दोघं लागले कामाले. तार पुरायचं लच्छूनं स्वतःकडं घेतलं. तीस वर्षं गावाची शीव बांधणाऱ्याले एका बाडीची शीव बांधायले मिस्त्री कायले पायजे, असा त्याचा रुबाब. मुबीन त्या दिवशी दुसऱ्या गावी मशीन लावून संध्याकाळी आला. तार पुरलेली, माती सारखी केलेली, काम नजर लागण्यासारखं. पेटी चालू केली. पेटीवर लाल दिवा लागला आणि पेटी ओरडायले लागली. म्हणजे तार कुठीतरी तुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मुबीन उकरत बसला. उंदरानं कुरतडली म्हणाला, कुदळीचा घाव लागला म्हणाला, मालच डुप्लिकेट निघाला म्हणाला. लच्छू ओसरीवर बसून पाहत होता. दुपारी मुबीन उकरत उकरत मावळतीच्या कोपऱ्यावर पोचला. तिथी तारेची दोन टोकं चार हातांच्या अंतरावर, नीट गाठ मारून, आदबीनं पुरून ठेवली होती.

मुबीननं वर पाह्यलं. "लच्छूभाऊ, हे काय हाये?"

"दार."

"अन् सकाळपासून सांगितलं काऊन नाई?"

"तू उंदीर पाहून राह्यला होता. मले वाटलं तुले उंदरांचं काई काम हाये."

मंग जे भांडण झालं ते सोमारीनं भात वाढला तरी थांबलं नाई. मुबीनचं म्हणणं, करंट गोल फिरल्याशिवाय चालत नाई, दार-बीर ठेवता येत नाई. लच्छूचं म्हणणं, ज्या शिवेले दार नाई ते शीव नाई, कोंडवाडा हाये. शेवटी मुबीननं पकड काढली, दोन्ही टोकं पिळून जोडली, वर चिकटपट्टी मारली. पेटीवर हिरवा दिवा लागला. लच्छू हरला. हरलेला माणूस जसा तोंड करून बसते तसा तो बसला आणि म्हणाला, "ठीक हाये. पुढं पाहू."

आता पट्टा. जे आपल्या गळ्यात घातलं नाई ते मुक्या जनावराच्या गळ्यात घालणार नाई, असं लच्छूनं जाहीर केलं. यात दयामाया किती आणि अर्धा टोला बघायले जमला होता त्याचा हात किती, ते मी सांगू शकत नाई. पट्टा त्यानं स्वतःच्या गळ्यात बांधला आणि तारेकडं चालायले लागला. डबी नेमकी डाव्या कानाखाली आली. उजव्या बाजूले लोक कल्ला करून राह्यले होते. डबी टिटटिट करत राह्यली, सगळ्या गावाले ऐकू आली, एका लच्छूले सोडून. मुबीन थांबा, थांबा म्हणून ओरडत होता, तोही डाव्याच हाताले उभा होता. आणि डबीवरचा आकडा साहेबाच्या वासराएवढ्या कुत्र्याचा होता, पाच.

लच्छू जागेवर बेडकासारखा उडाला. खाली आल्यावर त्यानं मुबीनच्या खानदानाबद्दल मराठीत, गोंडीत आणि जेवढी येत होती तेवढ्या हिंदीत जे सांगितलं ते मी लिहीत नाई. मुबीननं मुकाट आकडा दोनवर आणला. त्या दिवसापासून एक झालं, लच्छूनं पटवाऱ्याले तारेवर कधी हिसका दिला नाई की ढकललं नाई. आवाज आला की दोर हलकेच मागं. झटका काय असते ते गावात दोघालेच माहीत होतं, लच्छूले अन् एकदा स्वतःच पुढं गेलेल्या पटवाऱ्याले.

शिकवायची पद्धत सामानासोबत आलेल्या इंग्रजी पुस्तकात होती. मुबीनची बायको शकिला बीएस्सी झालेली, ती धानोऱ्याहून फोनवर वाचून सांगायची. तारेच्या कडेनं पांढऱ्या झेंड्या लावायच्या, म्हणजे कुत्र्याले हद्द दिसते. लच्छूचं जुनं धोतर फाडून चाळीस झेंड्या झाल्या, बांबूच्या काड्यांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर शेजारची अंजनाबाई एकेका झेंडीपुढं दोन-दोन दाणे तांदूळ ठेवत अन् हात जोडत चाललेली. भुमकानं झेंड्या लावल्या म्हणजे देव बसवलाच असल, अशी तिची समजूत. सोमारीनं सांगितलं की म्हातारे, हे यांचं धोतर हाये. अंजनाबाई म्हणाली, असू दे, देव कायच्यातही असते. लच्छूनं तिचं खोडलं नाई. उरलेले तांदूळ कोंबड्यांनी खाल्ले.

दोराचा पेच पडला. पुस्तक म्हणते कुत्रा दोरात पायजे, लच्छू म्हणते बांधणार नाई. मंग असं ठरलं की दोराचं दुसरं टोक खुंट्याले नाई, सोमारीच्या हाताले. धरलेला दोर आणि बांधलेला दोर यात फरक हाये, असं लच्छूनं स्वतःले पटवलं. रोज सकाळी आणि उन्हं उतरल्यावर दोघं नवराबायको पटवाऱ्याले घेऊन झेंड्यांकडं जायचे. टिटटिट झालं की मागं ओढायचं, 'शाब्बास' म्हणायचं आणि एक सुकी मासोळी द्यायची. पुस्तकात बिस्कीट लिहिलं होतं. पटवाऱ्यानं बिस्कीट हुंगून सोडलं होतं.

आठव्या दिवशी पटवाऱ्याले या धंद्याची नस सापडली. झेंडीपर्यंत जायचं, आवाज झाला की फिरायचं, मासोळी. तो स्वतःहून जायले लागला. मासोळी यायले उशीर झाला की झेंडीजवळ उभं राहून भुंकायचा, सोमारी मासोळी घेऊन पळायची. दिवसातून वीस वेळा. कुत्र्याले शिकवता शिकवता कुत्र्यानंच तिले शिकवलं, पण हे तिच्या तोंडावर म्हणायची कोणाची हिंमत नाई.

एका संध्याकाळी डबीतला सेल उतरला. पटवारी झेंडीजवळ गेला, आवाज नाई, तो बावचळला, एक पाय पुढं टाकला. लच्छू लहानपणी तोंडानं तितराचा आवाज काढून तितर बोलवायचा. समोरचा एक दात तुटलेला हाये, त्या फटीत त्यानं जीभ लावली आणि टिटटिटटिट काढलं. हुबेहूब. पटवारी गपकन फिरला आणि मासोळी मागायले आला. ओसरीवर बसलेला मुबीन म्हणाला, पाहा, सेल अजून चांगला हाये. लच्छूनं त्याचा आनंद मोडला नाई.

मार्च लागता लागता काम फत्ते. बकऱ्या झेंड्यांपलीकडून गेल्या, पटवारी बसून. नाल्यावर चितळ आले, पटवारी उभा राह्यला, थरथरला, एक आवाज केला आणि परत येऊन सोमारीच्या हाताकडं पाहायले लागला. रंजीता दोनदा येऊन पाहून गेली. झेंड्या मात्र तिनं लांबून वळसा घालून ओलांडल्या. धोतराचं तिले माहीत होतं, तरी. तिनं लिहिलं की कुत्रा हद्दीत राहते. लच्छूले वाटलं, सुटलो.

मंग मोह गळायले लागला.

पहिल्या दिवशी उजाडता उजाडता लच्छूनं टोपली घेतली, पटवाऱ्याच्या गळ्यातला पट्टा काढला आणि झेंड्या ओलांडून हाक मारली. पटवारी झेंडीपर्यंत आला आणि बसला. पट्टा नाई, डबी नाई, आवाज नाई. तरी नाई. लच्छूनं मासोळी दाखवली. पटवाऱ्यानं शेपटी हलवली, म्हणजे इकडं आणून दे. लच्छूनं त्याले उचलून पलीकडं न्यायचं ठरवलं. पटवाऱ्यानं असा गळा काढला की टोल्याले वाटलं कापून राह्यले. हातातून सुटला तो सरळ चुलीमागं. शकिलाले फोन केला. ती म्हणाली, पुस्तकात याले यश लिहिलं हाये.

म्हणून लच्छू एकटा गेला. बारा दिवस एकटा गेला. डाव्या हाताले रिकामी जागा सोडून बसायचा, उजवा कान जंगलाकडं वळवून वेचायचा. त्यानं मान अशी आखडली की सोमारी रोज तेल चोळायची आणि रोज म्हणायची, नका जाऊ. मोह सोडून घरी बसणारा गोंड अजून जन्माले यायचा हाये, असं लच्छू सांगायचा, आणि तिनं हे ऐकलं की नाई ते पाहत नसायचा.

तेराव्या दिवशी टोपली भरत आली होती. लच्छूची नजर सहज घराकडं गेली. नाल्याच्या अलीकडं, झेंड्यांच्या ओळीवर पटवारी उभा होता. अंगावरचे केस ताठ. भुंकत होता, पण लच्छूकडं पाहत नव्हता. लच्छूच्या डावीकडं पाहत होता.

लच्छूनं मान वळवली. अस्वल वीस पावलांवर होतं.

अस्वल झाडावर चढते हे लच्छूले माहीत हाये, म्हणून तो चढला नाई. धावते हेही माहीत हाये, म्हणून पळाला नाई. टोपली सोडली आणि मोहाच्या खोडामागं चिकटला. अस्वल आलं, टोपलीत तोंड घातलं आणि खायले बसलं. ते इकडं सरकलं की लच्छू खोडाच्या तिकडं. ते तिकडं सरकलं की लच्छू इकडं. एका जागी उभा राहून तो किती कोस चालला त्याचं मोजमाप नाई. टोपली संपली तर अस्वल खालचा मोह वेचायले लागलं, घाई काईच नाई, स्वतःच्या बापाचं झाड असल्यासारखं.

तिकडं पटवारी भुंकून भुंकून घोगरा झाला होता. सगळा टोला ऐकत होता आणि कोणी उठलं नाई, कारण पटवारी झेंडीवर भुंकते म्हणजे मासोळी मागते, हे शेंबड्या पोरालेही पाठ झालं होतं. सोमारीनं चुलीवरचं सावकाश उतरवलं, मासोळी घेतली, आली आणि त्याच्यापुढं धरली. त्यानं मासोळीकडं पाह्यलंच नाई. तेव्हा तिनं तो पाहत होता तिकडं पाह्यलं.

तिनं घरातून पाण्याचा पितळी गुंड आणून त्याच्यावर उलथनं बडवत जो गोंधळ केला त्यानं अस्वल, त्याच्यामागून नाल्यातले मोर आणि सगळ्यात शेवटी लच्छू, असे तिघं तीन दिशेले निघाले.

पुढचे दोन दिवस गावानं एकच बोललं. चार वर्षांत पहिल्यांदा पटवारी जागेवर सापडला अन् तोही त्याच दिवशी. लच्छू हसला नाई. त्यानं कुत्र्याले मारलं नाई, शिवीही देल्ली नाई. मुबीनले फोन लावला, उजव्या कानाले.

"दार पायजे," तो म्हणाला. "नाईतर तार उपटतो, मंग गाडी येवो का बिबट येवो."

मुबीन पुन्हा करंटचं सांगायले लागला. मागून शकिलानं फोन घेतला. तिनं पुस्तक पुढं वाचलं होतं. तार पुरा गोल फिरलीच पायजे असं नाई, ती म्हणाली. जिथी वाट सोडायची तिथून तार वळवायची आणि चार हात अंतर ठेवून आल्या रस्त्यानं परत पेटीपर्यंत न्यायची. करंट फिरून घरी येते, वाट मोकळी राहते.

लच्छूनं दोन मिनिटं विचार केला. "म्हणजे नदीच्या दोन थड्या."

"हो, भाऊ. तसंच."

"हे पुस्तकात होतं?"

"चौथ्या पानावर."

"अन् तुह्या नवऱ्यानं मले अडाणी म्हटलं."

दुप्पट तार लागली. मुबीननं आणली आणि लच्छूच्या हाताखाली खाली मान घालून पुरली. मावळतीकडं चार हातांचं दार झालं, लच्छूनं आधी ठेवलं होतं बरोबर तिथंच. तिथल्या झेंड्या काढल्या. हिरवा दिवा लागला. पटवाऱ्याले दारात आणलं. पटवारी बसला. दाराचं त्याले कोणी सांगितलं नव्हतं.

मुबीन म्हणाला, आता काय? लच्छू म्हणाला, कुत्र्याची चूक नाई, त्याची शीव बांधली, पण मोकळी कोणी केली? गावाची शीव बांधल्यावर दुसऱ्या दिवशी मी मोकळी करतो तवाच लोक निघतात ना. याले महिनाभर शीव बांधलेलीच दिसून राह्यली.

सकाळी आंघोळ करून तो तीन अंडी घेऊन आला. दर साली गावाच्या दारात करते तसंच केलं. पटवाऱ्याचा पट्टा काढला, तोंडातल्या तोंडात म्हणायचं ते म्हटलं, एक अंडं दाराच्या आत फोडलं, एक बरोबर उंबऱ्यावर, एक बाहेर. मंग स्वतः ओलांडून गेला आणि पाठ करून बसला. मागं वळून पाहत नाईत, तो रिवाजच हाये.

पटवाऱ्यानं आतलं अंडं चाटलं. बसला. उंबऱ्यावरच्या अंड्यावर माश्या बसायले लागल्या तेव्हा त्याले राहवलं नाई, मान लांबवून तेही चाटलं. आवाज झाला नाई. त्यानं चारीकडं पाह्यलं. बाहेरचं अंडं वाहून मातीत जिरून राह्यलं होतं. पटवारी पोटावर सरपटत, शेपटी पायात घालून, सासरी निघालेल्या नवरीसारखा कण्हत दारातून बाहेर गेला आणि अंडं खाल्लं.

अंजनाबाईले हे पटलं नाई. देवाचं अंडं कुत्र्यानं खाल्लं, ती म्हणाली.

"माय," लच्छू म्हणाला, "गावाच्या शिवेवरची अंडी एवढी वर्षं कोन खात होतं, वाटते तुले?"

मी तिथून काढता पाय घेतला, कारण लहानपणी त्यातली दोन मी खाल्ली होती.

चार दिवसांत रिवाज बसला. पट्टा काढला, लच्छू पुढं गेला, की पटवारी मागून निघते, फक्त दारातून आणि फक्त लच्छूच्या मागं. पण मुदतीचं काय? रंजीतानं मोकळा कुत्रा म्हटलं होतं आणि हा मोकळाच होता. दार सोडल्याची बातमी तिले पोचली. पाचव्या सकाळी मोटारसायकल नाल्यावर लावून ती पायी आली.

लच्छू मोहाखाली बसून वेचत होता. डाव्या हाताले पटवारी. रंजीता आली ती उभीच राह्यली. तिनं वही काढली. ती काई बोलणार एवढ्यात पटवाऱ्याचा उभा कान हलला. नाल्यातून चितळांचा कळप वर येत होता, आठ-दहा, मागं दोन पाडसं. वाऱ्याचं तोंड मोहाकडं, त्यायले काईच माहीत नव्हतं.

पटवारी उठला. पाठीचे केस उठले. एक पाय उचलला. लच्छूचे हात मोहानं चिकट, जवळ दोर नाई, आणि रंजीताचा हात वहीवर. सोमारी दारात उभी होती, तिनं पदर तोंडात धरला.

लच्छू जागेवरून हलला नाई. जीभ दाताच्या फटीत लावली.

टिटटिटटिट.

पटवाऱ्याचा उचललेला पाय तिथंच राह्यला. त्यानं चितळांकडं पाह्यलं, लच्छूकडं पाह्यलं, पुन्हा चितळांकडं. असं वाटलं की आता तुटते. मंग तो फिरला, लच्छूच्या डाव्या हाताले येऊन बसला आणि तोंड उघडं टाकून मासोळीची वाट पाहायले लागला. चितळ वरच्या अंगानं जंगलात गेले, पाडसांसकट, चालत.

रंजीतानं विचारलं, हा आवाज पट्ट्याचा का? लच्छूनं पट्टा खिशातून काढून दाखवला. बंद होता.

"मामा, नाल्यापलीकडं तर आला हा," ती म्हणाली. "मले काईतरी लिहावं लागते. काय लिहू? पटवारी जागेवर नाई?"

लच्छूनं मासोळी काढली आणि डाव्या हातानं दिली.

"लिव्ह ना बाई," तो म्हणाला. "पटवारी दौऱ्यावर हाये."

तिनं वही मिटली. लिहिलं का नाई ते मले माहीत नाई, पण गाडी आजवर आली नाई. पेटीवरचा हिरवा दिवा यंदाच्या पावसाळ्यात वीज पडली तेव्हा कायमचा गेला. मुबीन म्हणते दुरुस्त करू. लच्छूले सांगितलं की तो डावा कान पुढं करते.